माझ्या घरात कोणी पाय ठेवावा

मी, पासांग नोकान, वय ७१, राहणार तुनाय वस्ती, खालच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेला लेखनिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणाच्या सांगण्यावरून नाही आणि कोणाच्या धाकानेही नाही. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. माझा धाकटा भाऊ तेमु याला त्याबद्दल शंका येईल, म्हणून डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तेमुने तो वाचावा. वाचायचा कंटाळा आल्यास कोणाकडून वाचून घ्यावा.

माझी पत्नी आपाय तीन वर्षांपूर्वी वारली. आम्हाला मूल नाही. माझ्यामागे भाऊ तेमु, बहीण लावा आणि लावाची मुलगी रिमुय एवढेच आहेत.

एक. राहते घर, अंगण आणि पाण्याची टाकी रिमुयला द्यावी. ती परिचारिकेच्या शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली ती पहिली. मी नववी झालो तर त्याचेच वस्तीला केवढे अप्रूप होते. घराची पुढची खोली तिने आजाऱ्यांसाठी ठेवावी. सध्या सरकारी नर्स एकाआड एक गुरुवारी वर येते, तेही रस्ता ठीक असला तर. रस्ता वर्षातले चार महिने ठीक नसतो आणि आजाराला गुरुवार कळत नाही. डोंगरातल्या मुलांसाठी राखीव सरकारी जागेवर रिमुयला प्रवेश मिळाला, म्हणून काही वर्षे तिला डोंगरात नोकरी करावीच लागेल. कोणत्या डोंगरात, ते ती ठरवणार आहे. तिने इथे यावे अशी माझी इच्छा आहे. माझी दुसरी कोणतीही इच्छा उरलेली नाही.

दोन. पर्सिमनच्या फळझाडांची बाग लावाला. कायद्याने भावाला जो किमान हिस्सा द्यावाच लागतो, तेवढाच तेमुला द्यावा आणि तो ओढ्यापलीकडच्या खडकाळ तुकड्यातून द्यावा. कारण लिहून ठेवतो. रिमुयला प्रवेश मिळाल्याचे पत्र आले त्या दिवशी तेमु माझ्या स्वयंपाकघरात माझीच बाजरीची दारू पीत बसला होता.

"दादा, पोरगी एकदा खाली गेली की वर येते का? लग्नाला पाहुणी म्हणून येते फक्त."

"तुझे दोन्ही पोरगे खालीच आहेत," मी म्हटले.

"ते पोरगे आहेत."

"ते तर लग्नालाही येत नाहीत," आपाय चुलीपाशी बसून म्हणाली.

त्यावर त्याने भांडे आपटले. ते भांडे आपायच्या आईचे होते. त्याला तडा गेला. तेही तेमुला द्यावे.

तीन. टपाल खात्यातली बचत रिमुयची परवान्याची परीक्षा होईपर्यंत तिच्या राहण्याखाण्यासाठी वापरावी. परवाना मिळाला की त्याची एक प्रत तिच्या जुन्या शाळेतल्या मार्गदर्शक शिक्षकांना टपालाने पाठवावी. कॉलेजचा अर्ज भरायला ती त्यांच्याकडे गेली तेव्हा ते म्हणाले होते, "तुझा चेहरा हसरा आहे. गरम झऱ्यावरच्या हॉटेलात छान शोभशील. नर्सिंगला रसायनशास्त्र लागतं."

ती म्हणाली, "सर, रसायनशास्त्रात माझा वर्गात दुसरा नंबर आहे."

"हो का? वर्गात मुलं किती, तीन?"

वर्गात अडतीस मुले होती. प्रतीसोबत चिठ्ठी लिहू नये.

चार. आपायचा हातमाग लावाला. रक्तदाबाचे यंत्र घरातच राहावे. आपाय गेल्यानंतरच्या पहिल्या सुट्टीत रिमुय ते घेऊन दारोदार फिरली. लोकांनी तिची टिंगल केली. म्हातारा युमिन ओरडला, "आली डॉक्टरीणबाई! आमच्या डुकराला पण बघ जरा, दोन दिवस खात नाही."

"डुकराचा दाब तुमच्यापेक्षा बरा असेल, आजोबा. हात पुढे करा."

त्याचा दाब इतका होता की तिने तीनदा मोजला. आज तो गोळ्या घेतो, जिवंत आहे आणि अजूनही टिंगल करतो. वस्तीकडून कृतज्ञतेची अपेक्षा रिमुयने ठेवू नये.

पाच. माझ्या अंत्यविधीला डुक्कर मारू नये आणि कोणालाही मांसाचे वाटे पाठवू नयेत. ज्यांना हे विचित्र वाटेल त्यांच्यासाठी जे झाले ते लिहितो, कारण मागे वाट्टेल ते बोलले गेले आहे.

रिमुयला प्रवेश मिळाल्याच्या आनंदात आपायने डुक्कर मारले होते. आमच्यात प्रत्येक चुलीला एक वाटा जातो. ज्या चुलीला वाटा गेला नाही ती चूल आपल्यातली नाही, असा त्याचा अर्थ होतो. हे मला माहीत नव्हते असे नाही. वाट्यांची यादी मी केली. बाकीचे लोक बोटांवर मोजतात, दारावरून फिरून मोजतात. मी एकतीस वर्षे लेखनिक होतो, म्हणून मी सरकारी कुटुंबनोंदणीवरून यादी उतरवली. सिलान बेहुय भावाशी भांडून दोन महिन्यांपूर्वी वळणावरच्या नव्या घरात राहायला गेला होता, पण नोंदणीत तो भावाच्याच घरात होता. दोन चुलींना एक वाटा गेला आणि तो भावाने ठेवून घेतला.

आपाय म्हणाली, "एक वाटा बाजूला काढलाय. तुम्ही स्वतः घेऊन जा आणि चूक झाली म्हणा."

मी म्हटले, "यादी बरोबर आहे. त्याने नोंदणी बदलायला हवी होती."

मी गेलो नाही.

जानेवारीत एके दिवशी सकाळी नऊच्या सुमारास आपायचा उजवा हात लुळा पडला आणि तोंड वाकडे झाले. वादळात तुटलेला रस्ता तोवर दुरुस्त झालेला नव्हता. रुग्णवाहिका तुटलेल्या जागेपर्यंतच येत होती, आणि त्या जागेच्या वरच्या बाजूला ट्रक एकच होता, सिलानचा. मी त्याच्या दारात गेलो. तो कोबीच्या रिकाम्या पेट्या रचत होता.

"ट्रक काढ. आपायला झटका आलाय."

"बॅटरी उतरलीय."

"सिलान, बोलायला वेळ नाही."

"आम्ही या वस्तीत राहतो कुठे, लेखनिकसाहेब? यादी बघा तुमची."

तासाभराने त्याने ट्रक काढला. तोवर चौघांनी तिला बांबूच्या खुर्चीला बांधून पायवाटेने न्यायला सुरुवात केली होती. पायवाटेवर ट्रक येत नाही. रस्त्याच्या तुटक्या जागेपाशी पोहोचलो तेव्हा रुग्णवाहिकेतल्या मुलाने तिची नाडी पाहिली आणि टोपी काढली.

यादी माझी होती. ट्रक त्याचा होता. माझ्या चुकीचा हिशेब मी रोज करतो. त्याच्या चुकीचाही करतो.

सहा. सिलान बेहुय, त्याची बायको, मुले आणि नातवंडे यांना या घरात औषधपाण्यासाठी किंवा इतर कोणत्याही कारणासाठी येऊ देऊ नये. रिमुयने ही अट मोडल्यास घर तेमुकडे जावे.

सात. या मृत्युपत्राची अंमलबजावणी लावाने करावी. तेमु रडला तर त्याला पाणी द्यावे, पण कागद हातात देऊ नयेत.

पासांग नोकान
तुनाय वस्ती, प्रजासत्ताक वर्ष ११३ (इ.स. २०२४), २० जानेवारी

दुरुस्ती

वरील सहावे कलम, म्हणजे दोन वाक्ये, एकूण पंचवीस शब्द, मी स्वतः आडवी रेघ मारून रद्द केले आहे. खोडले ते कुठे आणि किती शब्द, हे लिहून वेगळी सही करावी लागते. कारण लिहावे लागत नाही. तरी लिहितो.

फेब्रुवारीत, चांद्र नववर्षाच्या सुट्टीत रिमुय घरी आली होती. तिसऱ्या दिवशी सिलानची बायको यावाय अंगणाबाहेर येऊन उभी राहिली. तिचे पाय सुजले होते. सिलान खाली रस्त्यावर ट्रक सुरू ठेवून बसला होता. रिमुयने माझ्याकडे पाहिले. मी उठलो नाही. तिने एक खुर्ची अंगणात नेली, वर गोधडी टाकली आणि यावायला तिथे बसवून तपासले. धुके इतके होते की मला स्वयंपाकघरातून दोघींची फक्त डोकी दिसत होती. रिमुयने तिला दुसऱ्याच दिवशी खालच्या दवाखान्यात जायला लावले. तिचे मूत्रपिंड बिघडले आहे, असे नंतर कळले.

आत आल्यावर रिमुयने हात धुतले आणि ती म्हणाली, "मामा, बाहेर चार अंश आहे."

"माहीत आहे."

"मी कपाटातला कागद वाचला. सहावं कलम."

"माझा कागद आहे."

"मग मी दारात उभी राहून काय विचारू? तुम्ही कोणाच्या घरचे, मग सांगते ताप किती ते?"

"एका घराचाच प्रश्न आहे."

"तेव्हाही एका घराचाच होता ना?"

तिने ओले हात पुसले. मग म्हणाली, "अट असली तर मला घर नको. तेमुमामांना द्या. मी पलीकडच्या डोंगरात जागा मागते, तिथेही नर्स नाहीच." ती रागावलेली नव्हती. अर्ज भरायची शेवटची तारीख तिने मला सांगितली.

ती तारीख पुढच्या आठवड्यात आहे. म्हणून आज हे खोडले.

खोडले म्हणजे माफ केले, असा अर्थ कोणी काढू नये. सिलानला मी माफ केलेले नाही आणि हे वाक्य कायम ठेवावे. त्याच्या घरच्यांनी यावे, तपासून घ्यावे, औषध घ्यावे. रिमुय त्यांना नाही म्हणणार नाही. तिला तसे शिकवले गेले आहे, आणि ते मी शिकवलेले नाही.

सहावे कलम खोडणार आहे, हे काल फोनवर तिला सांगितले. तिने विचारले, "मग यावायकाकूला सांगू का, पुढच्या वेळी तपासायला घरी ये म्हणून?"

"मी मेल्यावर सांग."

"मामा, तिच्याकडे तेवढा वेळ नाही."



"तिला आत बसव," मी म्हटले. "त्याने ट्रकमध्ये बसावं."

पासांग नोकान
तुनाय वस्ती, प्रजासत्ताक वर्ष ११३, २ मार्च

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला कायद्याने साक्षीदार लागत नाहीत. तेमुला लागतात, म्हणून घेतले आहेत. दोघांनी मला वरील दोन्ही ठिकाणी सही करताना पाहिले.

साक्षीदार:
१. युमिन तागा, शेतकरी, तुनाय वस्ती
२. सायुन हेतय, प्राथमिक शिक्षिका, खालची शाळा