ओप्पा म्हणणारी

दोग्योम,

किमचीचं कालवण गॅसवर आहे, गरम करून घे. मी आईकडे चाललेय.

तुझा गेम आता सुरू होणार नाही. शिवीगाळ केली म्हणून कंपनीने खातं कायमचं बंद केलंय, विकत घेतलेले सगळे गेमही त्यासोबत गेले. शिव्या मी दिल्या. तू अंघोळीला गेला होतास, आणि गेममध्ये त्या 'चांदमांजरी'चा मेसेज आला, "ओप्पा, आज येणार ना?" ओप्पा म्हणायचं ते वयाने मोठ्या पुरुषाला; आपण दोघं एका वर्गातले, मी कुठल्या तोंडाने तुला लाडाने ओप्पा म्हणणार? आणि ही बया रोज म्हणते. माझं डोकंच फिरलं. सगळ्या खेळाडूंसमोर तोंडाला येईल ते लिहिलं.

दुपारी तुझ्या सोयॉनचा फोन. "वहिनी, ओप्पाच्या खात्यावरून मला शिव्या कोण घालतंय?"

चांदमांजरी म्हणजे तुझी बहीण! सख्ख्या मोठ्या भावालाही ओप्पाच म्हणतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिची माफी मागितलीय. गेमचं मलाही वाईट वाटतंय.

पण जेवताना माझ्याशी तू हं-हं करतोस आणि हेडफोन लावून तिच्याशी बोलताना खळखळून हसतोस. मला फोन केलास, तर त्या आवाजात कर.

हेवॉन