तळव्याला कळावं म्हणून

आबा, तुमच्या उजव्या तळपायाचं प्रकरण माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही, म्हणून लिहितेय. नव्वदच्या दशकातलं आपलं वाशीचं घर, आणि स्कूटरची किल्ली हरवलेली. आईनं गव्हाचा डबा उपसला, कचरा उलटा केला, शेजारच्या पोरावर संशयही घेऊन झाला. तुम्ही रिक्षानं मार्केटात गेलात, मापाडी म्हणून दिवसभर बटाट्याच्या गोण्या तोलल्यात, आणि संध्याकाळी दारात बूट काढलात तर आतून किल्ली पडली. "ही बघा, घावली!" तुम्ही एकदम खूश. मोज्यावरचं रक्त मला दिसलं.

डॉक्टर म्हणाले, साखरेनं पायाची जाणीव गेलीय; रोज तळवे तपासा, नाहीतर पुढच्या जखमेला पाय कापायची वेळ येईल. आईचे डोळे अधू, म्हणजे तपासणार मी. आणि तुम्ही माझ्या हातात पाय द्यायला तयार नाही. "लेकीला पाय लावायचा? माज्याच्यानं व्हायचं न्हाई."

मी तेव्हा इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होते, म्हणजे जगातलं सगळं मला येत होतं. चिप ज्या काळ्या स्पंजात खोचून येतात, तो दाबला की त्यातून वीज जास्त वाहते. त्या स्पंजाचा तळवा कापून तुमच्या बुटात घातला, आणि काही टोचलं की आवाज व्हावा म्हणून टाचेला गाडीचा रिव्हर्स हॉर्न बांधला. तुमच्या बधिर पायाला मी नवी कातडी दिली होती! फक्त दाबाचं माप घेताना पाय माझा वापरला, आणि तुमचं वजन माझ्या दुप्पट. दुसऱ्या दिवशी तुम्ही मार्केटात पावलागणिक वाजत होतात. हमाल बाजूला होऊन विचारत होते, "ओ मापाडी, गाडी मागं घेताय का फुडं?" तुम्ही म्हणे शांतपणे सांगितलंत, "पोरीनं क्येलंय. वाजू दे."

माप सुधारलं. पण बूट दाराबाहेर राहतात, हे डिप्लोमात कुणी शिकवलं नव्हतं. सोसायटीच्या सत्यनारायणाला बाहेरच्या चपलांच्या ढिगात कुणीतरी तुमच्या बुटावर पाय दिला आणि कथा संपता संपता हॉर्न सुरू झाला. मी पळत जाऊन तो बंद केला. परत आले तर आरती चालू होती, तुम्ही सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होतात, आणि तुमच्या पायाखालच्या फरशीवर रक्त. करवंटीचा तुकडा रुतला होता. मी इतकी घाबरले, की सगळ्यांदेखत रडायलाच लागले.

त्यानंतर तुम्ही मुकाट्यानं पाय पुढे केलात. रोज संध्याकाळी उजवा पाय माझ्या मांडीवर, आणि लेकीला पाय लागला म्हणून मलाच नमस्कार. डावा ठेवला की पुन्हा नमस्कार. तपासून झालं की मी तळव्याला गुदगुल्या करायची. तुम्ही खदाखदा हसायचात. "कळतंय की गं! डॉक्टरला काय अक्कल हाय?"

तुम्ही गेलात ते दोन्ही पाय शाबूत ठेवून. आता मी यंत्रमानवांच्या बोटांवर चढवायची पातळ कातडी तपासते. पीस पडलं तरी तिला कळतं. हे पत्र काही कुठं जाणार नाही, तरी एक सांगायचं राहिलंय. एकदा तुमची नजर टीव्हीवरच्या मॅचला खिळली होती. मी गुदगुल्या केल्या, बराच वेळ केल्या, आणि तुम्ही मॅचच बघत राहिलात. दुसऱ्या दिवसापासून मी आधी मोठ्यानं सांगायला लागले, "आबा, गुदगुल्या करतेय हं." तुम्हाला वेळेवर हसता यावं म्हणून.