तासभर की तासाभरात

आत्या, तुला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी कधी भीती वाटते तेव्हा मी अजून मनातल्या मनात तुझ्याशीच बोलते. आज दुपारी घरात कोणी नाही, म्हणून कागदावर बोलायला बसले. गोष्ट मागच्या उन्हाळ्यातली आहे. सगळे म्हणतात, झालं गेलं, संपलं. माझ्या पोटात ती अजून संपलेली नाही.

बाबा गेल्यावर आई मला दर रविवारी पद्मनाभपुरच्या आमच्या घरून हुडको वसाहतीत तुझ्याकडे पाठवायची, इंग्रजी शिकायला. शाळेत तू फळ्यापुढे शिकवत असशील, पण घरी तुझा वर्ग स्वयंपाकघरात भरायचा. मी भिंतीशी पाट टाकून बसले आहे, तू ओट्याशी उभी राहून कांदा चिरते आहेस, तुझी पाठ माझ्याकडे. मी वाचते आणि तू ऐकतेस. तू कधी हात उगारला नाहीस, पण वाक्य चुकलं की सुरी थांबायची, आणि सुरी थांबली की मी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचायचे.

त्या रविवारी 'फॉर' आणि 'इन' चाललं होतं. वाक्यात वेळ आली की मी डोळे मिटून 'फॉर' लावत होते. सुरी थांबली. तू वळलीस.

"तुहे बाबा रेल्वेत होते ना? मंग सांग मले. गाडी दोन मिनिटं थांबन, आन् गाडी दोन मिनिटांत थांबन. एकच हाय का?"

"नाई."

"कावून नाई?"

मी विचार करत बसले. दोन मिनिटं थांबेल म्हणजे उभी राहील, मग पुन्हा निघेल. दोन मिनिटांत थांबेल म्हणजे अजून धावते आहे, थांबणं पुढे आहे, आणि थांबल्यावर ती निघेल की नाही याबद्दल कोणी काही बोललेलंच नाही. मी हे अडखळत सांगितलं. "आता आलं टाळक्यात," तू म्हणालीस. "पयल्याले फॉर, दुसऱ्याले इन. क्रियापद तेच, पण वेळ कशी लावली त्याच्यावर सारा अर्थ पलटते." मग तू मला क्रियापदांच्या दोन रांगा करायला लावल्यास. चालणं, झोपणं, रडणं ही कितीही वेळ चालतात, माणूस थकेपर्यंत. पोचणं, सापडणं, फुटणं ही एका क्षणात होऊन जातात, त्यांना लांबवता येत नाही.

नंतर तू म्हणालीस, आता घरच्यांबद्दल लिही. मी लिहिलं, 'माय फादर डाइड फॉर टू इयर्स.' मला सांगायचं होतं की बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. तू वही हातात घेऊन वाचत उभी राहिलीस. रागावशील म्हणून मी मान खाली घातली. मग पदराला हात पुसून माझ्याजवळ फरशीवर येऊन बसलीस.

"हे असं नाई होत, बेटा. मरनं एका क्षणाचं असते. ते दोन वर्षं चालत नाई. त्याच्यानंतर जे चालते ना, मानूस नसनं, त्याले फॉर लागते."

तो तुझा सख्खा भाऊ होता. तू वाक्य खोडून खाली लिहिलंस, 'ही हॅज बीन डेड फॉर टू इयर्स', आणि उठून चहा ठेवलास. मी रडले नाही, घाबरले. ते 'हॅज बीन' कधीच संपणार नाही हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर कितीतरी दिवस आईला घरी यायला उशीर झाला की मी दाराशी जाऊन उभी राहायचे.

आता मागचा उन्हाळा. हे आखातात कॉन्ट्रॅक्टवर गेले होते, फिटरच्या कामावर. रिसालीला सासरच्या घरात सासूबाई, धाकटे दीर आणि मी. तिकडे यांना ताप आला, ताप छातीत उतरला, आणि एका सकाळी सोबतच्या माणसाने कळवलं की दवाखान्यात मशीनवर ठेवलं आहे, मशीनच श्वास देतं आहे. दवाखान्यातले सगळे इंग्रजीत बोलायचे. फोन आला की हिंदी शाळेत शिकलेले दीर तो माझ्या हातात द्यायचे. "वहिनी, तुमीच बोला. उनका मेरे को समझता नहीं." रोज दुपारी मला एकच शब्द ऐकू यायचा, स्टेबल. मी तो सासूबाईंना सांगायचे आणि त्या विचारायच्या, "म्हंजे बरा हाय का?" मी म्हणायचे, "आहे तसेच आहेत." याचा अर्थ त्यांना बरा वाटायचा. मला नाही.

मग त्या दुपारचा फोन. नर्स होती, घाईत. इकडे कूलरचा आवाज, तिकडे कसली तरी टुकटुक, आणि लाइन तुटत होती. ती म्हणाली, "वी विल टेक हिम ऑफ द मशीन," मग खरखर, आणि मग "अॅन अवर."

मधला एवढासा शब्द गेला, आत्या. फॉर की इन?

तासभर मशीन काढणार असतील तर ते फक्त बघणार आहेत, नाही जमलं तर पुन्हा लावतील. तासाभरात काढणार असतील तर एका तासाने काढणार, आणि मग काय? पुन्हा लावण्याबद्दल ती काही बोललेलीच नव्हती. घरात हे दोन अर्थ कळणारी मी एकटी होते. सासूबाईंनी माझा दंड धरला. "काय म्हनलं वं? काय म्हनलं?" दीर म्हणाले, "मशीन निकाल रहे क्या? वहिनी?"

मला नीट विचारायचं होतं, तू शिकवलंस तसं. तोंडातून एक वाक्य निघेना. मी ओरडले, "सिस्टर, मशीन... आफ्टर... अगेन पुट? अगेन?" फोन बंद झाला होता.

दीर पुन्हा पुन्हा नंबर लावत राहिले, लागेना. सासूबाईंना मी म्हटलं, "थोडा वेळ काढून पाहतीन."

"आन् मंग?"

"मंग लावतीन."

त्या हात जोडून त्रिशरण म्हणायला लागल्या. मी कूलर बंद केला, परत लावला, परत बंद केला. तुझ्या त्या दोन रांगा मी आठवत होते. श्वास घेणं तू कोणत्या रांगेत घातलं होतंस? चालण्याच्या की फुटण्याच्या? मला आठवेना, आणि ते आठवलं तर हे वाचतील असं काहीतरी वेड डोक्यात शिरलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून बसले. काटा सरकताना दिसला असता तर मी किंचाळले असते.

ऊन अंगणातून मागे सरकलं तेव्हा फोन वाजला. दिरांनी तो कानाला लावला नाही, नुसता माझ्यापुढे केला. तीच नर्स. या वेळी लाइन स्वच्छ होती.

"मॅडम, ही ब्रीद्ड फॉर द होल अवर. बाय हिमसेल्फ."

मला ते 'फॉर' ऐकू आलं. अक्षर न् अक्षर ऐकू आलं. तरी मी मूर्खासारखं पुन्हा विचारलं, "अगेन पुट?" ती हसली असावी. म्हणाली, आजच्या रात्रीपुरतं लावू, मग उद्या डॉक्टर घशातली नळीच काढतील. मी खाली बसले. सासूबाईंना म्हटलं, "तासभर स्वतःच्या बळानं श्वास घेतला त्यांनी."

"एकच तास?" त्या म्हणाल्या, आणि हमसून रडायला लागल्या.

हे परत आले ते अर्धे होऊन. शर्ट खांद्यावरून घसरायचा. आता अंगावर मांस धरलं आहे, संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत चालत जातात, दिरांची चेष्टा करतात. दुपारी झोपले की मी दारात उभी राहते. एकदा डोळा उघडून म्हणाले, "कावून पाहून राहिली?" मी म्हटलं, पडदा सरकवायला आले होते.

हे पत्र पाठवायचं नाही. तुझ्या हुडकोच्या घरात आता दुसरी माणसं राहतात, आणि त्यांनी माझी भीती का वाचावी? पण एक सांगायचं राहिलं. परवा यांना तिकडच्या कंपनीचा फोन आला. जेवताना म्हणाले, "वर्षभराचंच त हाय. जाऊ का?" बोलता बोलता ते माझ्याकडे बघत होते, आणि आवाजात उमेद होती, इतक्या महिन्यांनी. मी 'नका' म्हणाले नाही, 'जा' म्हणाले नाही. दूध उतू जाईल म्हणून उठून आत गेले.

आत्या, गॅसवर काहीच नव्हतं.