तराफ्याखालची उभी फळी

आबा, तुम्ही गेल्यावर मी सुतारकी सोडली असं गावात सगळे म्हणतात. खरं तर ती पुरती सुटली नाही. कोकणात समुद्रकाठच्या एका कारखान्यात मी सर्फबोर्ड बनवतो, म्हणजे लाटेवर उभं राहून घसरायच्या फळ्या. आत फोम, वर फायबर. लाकूड नावालाही नाही, तुम्ही पहिल्याच दिवशी मला हाकललं असतं. फोमवर रंधा मारला की थर्माकोलसारखा पांढरा भुसा उडतो आणि मला आपला तराफा आठवतो. आठवतो कसला, मानगुटीवरच बसतो.

बांबूच्या चौकटीत थर्माकोल कोंबून वर ताडपत्री आवळलेली. त्यावर हत्यारांची पिशवी घेऊन तुम्ही गोदावरीपलीकडच्या गावांत पेरणीच्या तिफणी दुरुस्त करायला जायचात, कारण पालमवरून एसटीनं फिरून जायचं तर अर्धा दिवस मोडायचा. सपाट बुडाचा तो तराफा धारेत सापडला की गरागरा फिरायचा. एका दुपारी तुम्ही त्याच्या शेपटीखाली बाभळीची फळी उभी ठोकलीत. मी हसलो, "आबा, पाण्यात नांगरायचंय का?" तुम्ही हातोडी खाली ठेवलीत. "हसायलास काय? उभी फळी पानी धरती. शेपूट जागंवर राह्यली की तोंड फिरत न्हाई. बस अन् बघ." बसलो. तराफा सरळ पलीकडे गेला. तरी तुम्हाला शाबासकीचा एक शब्द बोललो नाही, एवढा माज होता.

कारखान्याच्या मालकानं मला पहिल्या दिवशी भिंतीवर टांगलेले जुने नमुने दाखवले. सगळ्यात आधी नुसतं जाड लाकूड, बूड सपाट, खाली काही नाही. वळायचं तर माणूस एक पाय पाण्यात ओढत न्यायचा. मग कोणीतरी शेपटीखाली माशाच्या परासारखी उभी पट्टी बसवली, तिला फिन म्हणतात, आणि फळी सरळ धावायला लागली. पुढे दोन फिन आल्या. चपळ, पण वेगात शेपूट निसटायची. मग मागे मधोमध तिसरी आली आणि पकड बसली. तीन फणांची तिफण जोडणाऱ्याला तिनाचं मोल सांगायला नको. बूडही बदलत गेलं, नाक वर उचललं, मध्ये किंचित खोलगट केलं. एवढं कळायला लोकांची कितीतरी वर्षं गेली, असं मालक कौतुकानं सांगत होता आणि मला तिथंच भडभडून आलं. समुद्र कधी न बघता तुम्ही ती पहिली फिन ठोकली होती, आणि मी ती करवतीनं कापली होती.

उन्हाळ्यात पाणी उतरलं, फळी दगडांना घासायला लागली. "कापतो," मी म्हणालो. "काप, पन पानी चढायच्या आत परत ठोक," तुम्ही म्हणालात. पाणी चढलं. त्या सकाळी निघताना तुम्ही विचारलंत, "फळी ठोकलीस का रं?" मी चोवीस वर्षांचा घोडा, मोबाइलवरून मान न उचलता म्हणालो, "ठोकली की." तुम्ही वाकून बघितलंसुद्धा नाही. माझ्या शब्दावर तुमचा तेवढा विश्वास होता, आणि तोच मला सहन होत नाही. पलीकडच्या काठावरच्या लोकांनी सांगितलं, तराफा धारेत आडवा झाला, दोन गिरक्या घेतल्या आणि उलटला.

आता प्रत्येक फिनचा कोन मी दोनदा तपासतो. मालक म्हणतो, हात साफ आहे तुझा. ऐकून आत काहीच हलत नाही. हजार फिन बसवल्या तरी त्यातली एकही त्या सकाळी तुमच्या तराफ्याखाली जायची नाही.

चार दिवसांच्या सुटीवर आलोय, ओसरीवर बसून हे लिहितोय. आत आई भाकरी थापतेय आणि तिचं नेहमीचं चाललंय, "पानी डोळ्याला दिसत होतं न्हवं? तरी गेले. लय हेकट माणूस. माझा इचार केला का?" इतकी वर्षं ती तुम्हाला असंच बोलते. तुमच्या फोटोला हारसुद्धा घालत नाही. हे पत्र पोस्टात टाकलं तर याच दारात येईल आणि तीच ते उघडेल, म्हणून टाकणार नाही. मघाशी तिनं आतून विचारलं, "खरं हाय का न्हाई?"

आबा, मी म्हणालो, "खरं हाय."