१९७९ च्या ठोशाबाबत आणि उरलेल्या मालमत्तेबाबत

मी, ट्रेव्हर हेपवर्थ, वय ७१, राहणार ९, चॅपल स्ट्रीट, हॅगथॉर्प, यॉर्कशर, कोळसा खाणीतला कामगार आणि हॅगथॉर्प क्लबचा व्यावसायिक रग्बी लीग खेळाडू, दोन्हींतून निवृत्त (खाण माझ्याआधी बंद पडली), कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत आहे. त्यात त्यांनी "आजच्या तारखेस" असे शब्द घातले आहेत. सतरा हंगाम पुढच्या फळीत डोके घालून खेळलेल्या माणसाने याहून जास्त मागू नये. म्हणून घाई केली आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर माझी मुलगी जॅनीन हिला. मागच्या खोलीचे दार अडकते. खांदा लावावा, पण डावा. उजव्याने मी ते बिघडवले आहे.

२. मेहुणा जेफ्री याला शिडी. ती त्याने १९९१ साली दोन दिवसांसाठी नेली होती.

३. भाजीच्या वाफ्यावरची फावडी आणि झारी शेजारीण शीला हिला. गेली अकरा वर्षे ती माझा रूबार्ब न विचारता नेते. आता विचारण्याचा प्रश्नच उरणार नाही.

४. माझा मेंदू विद्यापीठाला, तपासणीसाठी. जॅनीनला हे सांगितले तेव्हा ती स्वयंपाकघरात उठून गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते.
"डॅड, ते कापून बघणार."
"बघू दे. चारशे बारा सामने वापरलाय, एवढं त्यांना आधीच सांग."
या चारशे बारा सामन्यांत मी चारच वेळा गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले. त्यातल्या एका वेळी मला ढकलण्यात आले होते.

५. कपाचे पदक, १९७९. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

उपांत्य सामन्यात ब्रॅकनशॉच्या लेन सग्डेनने माझ्या डोळ्यात बोट घातले. दहा मिनिटांनी, चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असताना, मी त्याचा जबडा मोडला. रेफरी वळला तेव्हा लेन चिखलात पडला होता आणि त्याच्याशेजारी क्लाईव्ह लम उभा होता. क्लाईव्ह माझ्याच फळीतला, माझ्याइतकाच रुंद. चिखलाने दोघांच्याही पाठीवरचे नंबर झाकले होते. रेफरीने क्लाईव्हला बाहेर काढले. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि चालू लागला. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधली. ती सुटलेली नव्हती.

क्लाईव्हवर सहा सामन्यांची बंदी आली. दोन आठवड्यांनी अंतिम सामना मी खेळलो. आम्ही जिंकलो. हॅगथॉर्पने त्याआधी कधी कप जिंकला नव्हता आणि त्यानंतरही नाही. कोळशाचा ट्रक धुऊन गावातून आमची मिरवणूक काढली.

पुढे पाच हंगाम आम्ही खांद्याला खांदा लावून खेळलो. खाणीत लिफ्टच्या एकाच पिंजऱ्यातून उतरलो, खाणकामगारांच्या संपाच्या वर्षी फाटकाबाहेर एकाच शेकोटीपाशी उभे राहिलो. हा विषय निघाला नाही. माझी कै. पत्नी मॅवीस दर ख्रिसमसला विचारायची, "सांगितलंस का त्याला?" मी म्हणायचो, "नवीन वर्षात सांगतो." ती २०१६ साली गेली.

गेल्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या आजाराचे नाव सांगितले. त्यांच्याकडून निघून मी पदक खिशात घालून थेट क्लाईव्हकडे गेलो. तो चहा करत होता. मी पदक टेबलावर ठेवले.
"क्लाईव्ह, लेनला मी मारलं होतं."
"हो," तो म्हणाला. "साखर किती?"
"तुला माहीत होतं?"
"अरे, मी तिथंच उभा होतो. मी मारलं नाही, म्हणजे उरलं कोण?"
"मग चौकशीत बोलला का नाहीस?"
"फायनल जिंकायची होती, ट्रेव्ह. आपल्या दोघांत तू बरा खेळायचास. मी उपकार केले वगैरे काही डोक्यात घेऊ नकोस."
मी पदक त्याच्याकडे सरकवले. त्याने ते परत सरकवले.
"या पत्र्याचं मला काही नाही. ट्रक आमच्या दारावरून गेला ना, तेव्हा मी वरच्या खिडकीत होतो. आईनं नवा शर्ट घालायला लावला होता. म्हणाली, ट्रेव्हर हाक मारेल बघ, तुला वर घेतील. आणि तू पलीकडच्या बाजूला तोंड करून हात हलवत होतास. त्या बाजूला कोण होतं रे?"
"कोणी नव्हतं," मी म्हटले. "गोदामाची भिंत होती."
"तेच. मलाही भिंतच आठवत होती."

मी माफी मागितली. नीट जमली नाही, दोनदा सुरुवात करावी लागली. क्लाईव्हने मध्ये बोलून मला सोडवले नाही, आणि ते योग्यच होते. चहा गार झाल्यावर तो म्हणाला, "हे लिहून ठेव. तू विसरून जाशील, मग माझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

म्हणून लिहितो: ठोसा माझा होता, क्लाईव्ह लम निर्दोष होता. अंत्यविधीनंतर हे कलम क्लबच्या बारमध्ये मोठ्याने वाचावे, पहिला ग्लास संपण्याआधी. नंतर तिथे कोणी ऐकत नाही.

पदक मी तरीही क्लाईव्हच्या नावे लिहिले होते. वकीलबाई म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही." क्लाईव्ह मला गाडीतून घेऊन आला होता, कोपऱ्यात बसला होता. तो म्हणाला, "मग पेन इकडं द्या."

त्यामुळे पदक माझी नात बेथनी हिला. ती क्लबच्या महिला संघात पुढच्या फळीत खेळते. पदक कोणाला दाखवले तर ही हकीगतही सांगावी. हकीगत गाळायची असेल तर पदक दाखवू नये.

वरील मजकूर मी स्वतः वाचून, कबूल करून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे.

ट्रेव्हर हेपवर्थ
हॅगथॉर्प, शुक्रवार, ११ एप्रिल २०२५

साक्षीदार १: पॉलीन डायसन, वकिलांच्या कचेरीतील कारकून.

साक्षीदार २: क्लाईव्ह लम, निवृत्त. साक्षीदाराने फक्त सही होताना पाहायची, मजकूर वाचायचा नाही, असे मला सांगण्यात आले. मी वाचला. कलम ५ खरे आहे, एक दुरुस्ती सोडून. आमच्या दोघांत बरा मी खेळायचो.