मागच्या कप्प्यातली पाच इंजेक्शनं

४ मार्च

चि. पान्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

जाताना तू फ्रिज दुरुस्त करून गेलास, तेव्हापासून गडी नुसता पेटलाय. मागे ठेवलेली पाण्याची बाटली सकाळी बर्फ! मेकॅनिक म्हणून तुझी वट उगाच नाही.

केमोने माझ्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्यात, म्हणून घरी कुणालाच यायला बंदी. आजपासून रोज एक, अशी पाच इंजेक्शनं. दुपारी एक बाहेर काढून ठेवायचं, संध्याकाळी नर्सबाई येऊन देतात. त्यात काय असतं, असं तू विचारलं होतंस. सायटोकाइन. म्हणजे एका पेशीने दुसरीला धाडलेला निरोप. तो झेलायला दुसरीच्या अंगावर रिसेप्टर असतो. दोघं जुळले की हाडातल्या मगजात नव्या पेशी वाढू लागतात. आमच्या प्रयोगशाळेत बशीतल्या पेशींचा हा निरोप तोडला, तर खायला असूनही त्या दोन-तीन दिवसांत आपणहून मरतात. म्हणून डबा अगदी मागच्या कप्प्यात जपून ठेवलाय.

माझ्या भाचीला पापा. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.
तुझी ताई

७ मार्च

ती. ताईस पान्याचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक. तुझ्या भाचीचा पुढचा दात पडला, आता ती शिट्टी वाजवत बोलते. उन्हाळ्यामुळे मला जेवायला फुरसत नाही.

सहज सांगतो, फ्रिजचा थंडीचा खटका दोनवर आण आणि औषधाचा डबा पुढे घे. विशेष काही नाही, मशीनला जरा आराम.

तब्येतीला जप. या वेड्यावर लोभ असू दे.
पान्या

११ मार्च

चि. पान्यास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तोवर शेवटचं इंजेक्शन होऊन गेलं होतं. पेशींचा आकडा जागचा हललेला नाही. डॉक्टरांना वाटतं, माझा मगज निरोप ऐकतच नसावा. शुक्रवारी ठरवतील, पण पुढची केमो बहुधा अर्ध्या ताकदीची. अर्ध्या ताकदीत गाठ जाईल का, असं विचारलं तर त्यांनी पुढच्या तपासणीचा कागद हातात दिला.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या पेशी वाढवल्या आणि माझ्याच बहिऱ्या निघाल्या. तू मात्र दोनदा फोन करून फ्रिजचीच चौकशी केलीस. हसू आलं रे.

तुझी ताई

१२ मार्च

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र आज सकाळीच मिळालं. हे पत्र स्पेअर पार्टच्या गाडीवरच्या ड्रायव्हरबरोबर पाठवतोय, आजच पोचेल.

जाताना मीच खटका सातवर नेला होता. जितकं गार तितकं औषध टिकेल, हे माझं धंद्यातलं शहाणपण. तुझ्या पत्रात बर्फाची बाटली वाचली आणि हातातलं काम टाकून उठलो. औषधाच्या दुकानात जाऊन तसलाच डबा पाहिला. वर लाल अक्षरांत लिहिलंय, गोठवू नये. गोठलं की वाया, असं दुकानदार म्हणाला. तुझा मगज बहिरा नाही ताई. निरोपच माझ्या हातून मेला.

सात तारखेला हेच लिहायला बसलो आणि पोरीच्या दाताचं लिहून मोकळा झालो. फोनवर तुझा दमलेला आवाज आला की फ्रिजचं विचारून फोन ठेवून द्यायचो. स्वतःची लाज वाटते. हे पत्र डॉक्टरांना दाखव. हव्या तेवढ्या शिव्या दे, पण उत्तर टाक.

पान्या

२१ मार्च

चि. पान्यास आशीर्वाद.

पत्र डॉक्टरांना दाखवलं. नवी इंजेक्शनं त्यांनी वॉर्डातच दिली आणि चौथ्या दिवशी आकडा चढला. सोमवारी पूर्ण ताकदीची केमो आहे. मधले दिवस मात्र वाया गेले. त्याचं पुढे काय होईल ते कुणी सांगत नाही, आणि मी तुझ्यापासून ते लपवणार नाही.

तुझा भयंकर राग आला होता. चूक झाली म्हणून नाही, तर पाच दिवस गप्प बसलास म्हणून. मग माझीच मला लाज वाटली. वीस वर्षं प्रयोगशाळेतल्या फ्रिजचं तापमान रोज वहीत लिहिणारी मी, आणि घरात गोठलेली बाटली बघून तुझी पाठ थोपटली! ती लाल अक्षरं रोज माझ्याही हातात होती. तेव्हा सगळा अपराध एकट्याने घेऊन बसू नकोस, अर्धा माझा आहे.

रविवारी घरी एका माणसाला भेटायची परवानगी मिळाली आहे. मी तुझं नाव दिलंय. हात कोपरापर्यंत धुऊन ये, आणि फ्रिजला बोटही लावायचं नाही.

वाट पाहणारी,
ताई