पत्र्याची आतली बाजू

३ जून १९७८, सकाळी
रेडिओवर सांगितलं, समुद्रात चक्रीवादळ उठलंय. पिंपरीला समुद्र नाही, पण गाफील राहणं मला पटत नाही. घरात शिकलेली मी एकटी, तेव्हा जबाबदारी माझीच. आबा म्हणाले, कंपनीची शिफ्ट चालू हाय म्हंजे वादळ न्हाई.

दुपारी
प्लॅन तयार. वादळात पत्रे उडतात, मग कुणाचा कोणता यावरून भांडणं होतात. म्हणून स्वयंपाकघराच्या पत्र्यावर ऑइलपेंटने नाव घातलं: कु. कस्तुरा किसन ओव्हाळ, एस.एस.सी. आतल्या बाजूने. बाहेरून घातलं तर पावसाने रंग जाईल. आई म्हणाली, आता भाकरी थापू का वर बघत बसू? तिला वाचता येत नाही, तरी बघत बसली.

४ जून
खाटेखाली शिरायची प्रॅक्टिस. शिट्टी वाजली की सगळ्यांनी आत. आबा आत जाऊन घोरायलाच लागले. शिस्त नाही.

५ जून, संध्याकाळी
आलं! शिट्टी वाजवायची राहिली, कारण मी आधीच खाटेखाली होते. कुणीतरी पुढाकार घ्यावाच लागतो. आई परातीसकट आत घुसली. धडाड्‌ आवाज झाला आणि स्वयंपाकघरात एकदम आभाळ! आई म्हणाली, अगं बया, उजेड केवढा आला! तिघांनाही हसू आवरेना. मी घाबरले नाही. अक्षर हलतंय तो पेन्सिलीचा दोष.

६ जून
चाळभर पत्रे विखुरलेत. एक तर थेट आमच्या दारात, चिखलात रुतलेला. आबा म्हणाले, आपलाच हाय, चढवू. मी नीट तपासला. वर कुठेही नाव नाही. उलटून बघायची गरज वाटली नाही. आमचं नाव ठळक आहे, लपणारं नाही. शेजारच्या सोजरमावशींचंही छप्पर गेलंय. त्या म्हणाल्या, आमच्यावानीच दिसतोय बाई. लगेच देऊन टाकला. परक्याच्या वस्तूखाली मला झोप लागली नसती. आबा कपाळाला हात लावून उंबऱ्यावर बसले. भारावले असावेत.

८ जून
आमचा पत्रा सापडेना. सायकलवरून पुनावळ्याच्या शेतांपर्यंत शोधला. तिथे कुणाला वाचता येत नसेल म्हणून माझं नाव ओरडत फिरले. एक म्हैस मागे लागली. इकडे चुलीवर पाऊस. आई म्हणाली, आज आमटीच करू, पाणी घालायला नको. तिला परिस्थितीचं गांभीर्य नाही.

१० जून, दुपारी
चूल विझली. सोजरमावशींनी आम्हाला त्यांच्या घरी बोलावून चहा दिला. मग म्हणाल्या, कस्तुरे, तू शिकलेली हाईस, पत्र्यावर कंपनीनं काय लिवलंय ते वाच की. पत्रा चढवल्यापासून समदी नुसती वर बघत्यात.
मी वर पाहिलं.
खोटं मला बोलता येत नाही. वाचलं. एस.एस.सी.सकट.
मावशींना आधी हसू फुटलं. आईने चहाची बशी खाली ठेवली आणि पोट धरलं. आबा मान वर करून म्हणाले, अक्षर झकास हाय. मावशी डोळे पुसत म्हणाल्या, पाऊस उघडला की न्या तुमचा पत्रा, तवर हितंच ऱ्हावा.
पाऊस उघडायचं लक्षण नाही. मावशींच्या भिंतीला टेकून हे लिहितेय. आई त्यांच्या चुलीशी भाकरी थापतेय आणि मधूनच वर बघून हसतेय.
रंग मात्र जराही गेलेला नाही. आतून नाव घातलं तेच बरं झालं.